मेट्रो स्वस्त, पण आधी हे बघा

लेखात नागपूर विमानतळावरून सीताबर्डीच्या हॉटेलला मेट्रोनं जा म्हटलंय. बरोबर आहे, पण एअरपोर्ट स्टेशन टर्मिनलला लागून नाही, बाहेर वर्धा रोडवर आहे. तिथवर ऑटो करा. मे महिन्यात बॅगा घेऊन पायी अजिबात नको, विशेषतः सोबत म्हातारी माणसं असताना. गाडी ऑटोमोटिव्ह चौकाकडची धरा, खापरीची उलट जाते. रेल्वे स्टेशनजवळ हॉटेल असेल तर सीताबर्डीला उतरून ॲक्वा लाइनची, म्हणजे मेट्रोच्या दुसऱ्या मार्गाची गाडी धरा. परतताना एअरपोर्टलाच उतरा. एअरपोर्ट साऊथ, न्यू एअरपोर्ट ही वेगळी स्टेशनं आहेत, गावाकडून पहिल्यांदा येणारे इथंच चुकतात. रात्री उशिराच्या विमानाला मेट्रो नसते. चौघं असाल तर सरळ टॅक्सी, भाडं आधीच ठरवून.