अजिंक्यतारा आडवा आला तर काय करावं?

डिलिव्हरीच्या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या भावा, चार युक्तीच्या गोष्टी ऐक. साताऱ्यात दीड वर्षं गाडी फिरवतोय, तेवढा फुकट सल्ला मी देऊ शकतो. तसंही बरंचसं फुकटच करतो.

आधी उडायला शिक. परवा विसावा नाक्याला उभा होतो, ऑर्डर पडली. समर्थ मंदिराजवळून बिर्याणी उचलायची, शाहूनगरला पोचवायची. ॲप म्हणालं, अंतर २.६ किलोमीटर, मिळणार २७ रुपये. निघालो. राजवाडा, मोती चौक, पोवई नाका, गोडोली, मग तो चढ. दारात पोचलो तेव्हा गाडीच्या मीटरवर ५.३. सपोर्टला विचारलं, तर 'सिस्टिमनुसार अंतर बरोबर आहे.' रात्री घरी नकाशावर बोट फिरवून बघितलं, आणि खरंच बरोबर की! सरळ रेघ मारली तर २.६ च भरतात. फक्त त्या रेघेत अजिंक्यतारा आहे. औरंगजेब १६९९ च्या डिसेंबरात वेढा घालून बसला, त्याला हा किल्ला हाती यायला एप्रिल उजाडला. आमच्या ॲपनं तो गरम बिर्याणीसकट चुटकीसरशी ओलांडला. गिऱ्हाईकानं उशीर झाला म्हणून एकच तारा दिला. अजिंक्य नव्हे, साधा.

हिशेब करू नकोस, त्रास होतो. मी केला. नाक्यावरून हॉटेलपर्यंत साडेचार, पुढे ५.३, परत नाक्यावर तीन-सव्वातीन. झाले तेरा. माझी जुनी गाडी लिटरला चाळीस देते, पेट्रोल शंभरीपार. ३३ रुपयांचा धूर काढून २७ कमावले. म्हणजे पदरचे सहा घालून मी लोकांना बिर्याणी खाऊ घातली. ऑइल, टायर, ब्रेक लायनर यात धरलेच नाहीत.

हॉटेलवाला 'पाचच मिनिटं' म्हणाला की बूड टेकव.

पावसात इन्सेंटिव्ह दिसेल. दिसण्यातच सुख मान.

'भैया, वर आणून दे ना' म्हणालं कुणी, तर हसत चढ. लिफ्ट बंदच असते.

आणि चारचौघांत स्वतःला कामगार म्हणू नकोस. आपण भागीदार. आपल्यासाठी कायदासुद्धा झालाय, २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता. लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला, पाच वर्षांनी. आमची ऑर्डर पाच मिनिटं लेट झाली तर काय होतं ते सोड. कंपन्यांनी उलाढालीतले एक ते दोन टक्के आपल्या सुरक्षेसाठी बाजूला काढायचे, असं त्यात आहे. किलोमीटरला किती द्यायचे, यावर अवाक्षर नाही. भागीदारांनी आपसात बघून घ्यावं बहुतेक.

कसले डोंबलाचे भागीदार! अहो कंपनीवाले, चहाला दहा मिनिटं थांबलो तर तुमचा फोन येतो, 'लोकेशन हलत नाही.' मी कुठल्या टपरीवर उभा आहे ते तुम्हाला बसल्या जागी कळतं आणि मी पोवई नाक्यावरून वळसा घालून गेलो, एवढंच कळत नाही? पैसे द्यायच्या वेळीच बरा तुमचा जीपीएस आंधळा होतो! चाक जेवढं फिरलं तेवढं मोजा. हॉटेलपर्यंतचं, गिऱ्हाईकापर्यंतचं आणि रिकाम्या पिशवीनं परत येतो तेही. भीक नाही मागत. मीटरचा फोटो तीनदा पाठवलाय, तो उघडून तरी बघा. आणि माझे सहा रुपये परत करा.