सलाईनच्या नळीचा चेन ऑइलर

पावसाळा तोंडावर आला की बायकर ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: 'कंपनीचा ऑटोमॅटिक चेन ऑइलर हजारोंचा. मेडिकलमधनं सलाईनचा सेट आणा, बाटलीत सर्व्हिसिंगचं जळकं ऑइल भरा, नळी चेनवर सोडा. काम तेच. ओ-रिंग (रबरी सीलच्या) चेनला तर तेवढंही लागत नाही. आयुष्यभर चेन बघायला नको.' खाली 'नाद खुळा'ची रांग.

चेन ऑइलर म्हणजे चालत्या गाडीच्या चेनला आपोआप थेंब थेंब तेल देणारं साधन. जुगाडाला माझा विरोध नाही. कोल्हापुरात, कारखान्यांच्या उद्यमनगरच्या गावात राहून तो परवडतही नाही. पण या मेसेजातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकलंय.

'काम तेच' हे आधी घेऊ, सगळी मेख तिथंच आहे. थेंब पाडणं कुणालाही जमतं, तो वेळेवर थांबायला हवा. स्कॉटलंडचा स्कॉटऑइलर घ्या. इंजिन चालू असताना इनटेकमध्ये (हवा आत ओढायच्या वाटेत) जो व्हॅक्यूम तयार होतो, त्यावर त्याचा व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन बंद, तेल बंद. इलेक्ट्रॉनिक मॉडेलात गाडी हलतेय का, हे सेन्सर बघतो. नदीकाठच्या जुन्या ऑइल इंजिनांवर काचेची तेलपेटी असायची, ती ज्यांनी हाताळलीय त्यांना हे सांगायला नको. काचेतून थेंब मोजायचे, स्क्रूनं कमी-जास्त करायचे आणि इंजिन थांबवलं की वरची खिट्टी आडवी पाडायची. विसरलं तर पेटी रिकामी.

सलाईनच्या सेटला इंजिनाचं काही कळत नाही. शिरोली एमआयडीसीत गाडी लावून आठ तासांची पाळी करा. मिनिटाला एकच थेंब धरला तरी ४८० थेंब होतात, म्हणजे दहा मिलीहून जास्त तेल. ते स्प्रॉकेटवर (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकावर) साचतं आणि गाडी निघाली की उडून रिमवर, तिथून टायरच्या कडेवर जातं. वळणावर गाडी त्या बाजूला कलली की नेमकी तीच कड रस्त्याला टेकते.

'नळीवरचा चिमटा बंद करायचा की राव!' करा. पण सकाळच्या गारव्यात लावलेली धार दुपारी तशी राहत नाही. ऊन वाढलं की तेल पातळ होतं आणि त्याच फटीतून भराभर गळतं. (कंपनीच्या ऑइलरलाही ऋतू बदलला की सेटिंग बदलावं लागतंच, ते जाहिरातीत कुणी ठळक छापत नाही.) शिवाय सलाईनची नळी मऊ प्लास्टिकची. तेलाच्या सततच्या संगतीनं तिचा मऊपणा जातो, ती कडक होते आणि तडकते.

'नळी चेनवर सोडा' हेही नको. वरून पडलेला थेंब चेनच्या बाहेरच्या पट्टीवर आपटून उडतो. तेल मागच्या स्प्रॉकेटच्या अंगावर, खालच्या बाजूला, दातांच्या आत द्यायचं. चाक फिरताना ते आपोआप बाहेर सरकतं आणि चेनच्या रोलरपर्यंत पोचतं.

जळक्या ऑइलबद्दल फार लिहायला नको. त्यात काजळी असते, धातूचा बारीक चुरा असतो आणि बहुतेक बाईकमध्ये क्लच त्याच तेलात फिरत असल्यानं क्लच प्लेटची झीजही असते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली माती त्यात मिसळली की तेल वंगण करायचं सोडून चेन घासायला लागतं.

ओ-रिंगचं वाक्य अर्धं खरं, म्हणून जास्त फसवं. चेनच्या सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचा बुश (नळकांडं) यांच्यात कारखान्यात भरलेलं ग्रीस ओ-रिंग आत कोंडून ठेवते, हे बरोबर. पण बुशवर फिरणारा रोलर त्या सीलच्या बाहेर असतो. रोलर आणि स्प्रॉकेटचे दात यांना तेल लागतंच. पट्ट्यांना गंज चढू नये आणि रबर कोरडं पडू नये म्हणूनही लागतं. अशी चेन पेट्रोलनं धुऊ मात्र नका.

राहिलं 'आयुष्यभर'. ऑइलर झीज कमी करतो, चेनचा ढिलेपणा काढत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला स्लॅक तपासावाच लागतो, तोही चाक फिरवून तीन-चार ठिकाणी, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. ४२८ नंबरच्या चेनचे वीस पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत एक पिच) ताणून मोजा. नवी चेन २५४ मिमी भरते. २५९ च्या आसपास आली की मेस्त्रीकडे जा, स्प्रॉकेटसकट बदला.

आणि 'हजारोंचा' हा टोमणा? तो काही गाड्यांना लागू पडतो. स्प्लेंडरसारख्या बंद चेनकव्हरच्या गाडीला ऑइलरची गरजच नाही. उघड्या चेनची गाडी फक्त रविवारी पन्हाळ्याला जात असेल, तर ब्रशनं ९० नंबरचं गियर ऑइल पुरतं. पण जून ते सप्टेंबर रोज गगनबावडा किंवा राधानगरीच्या रस्त्यावर असाल, तर संध्याकाळी लावलेलं तेल दुसऱ्या दिवशी निम्म्या वाटेत धुतलं जातं. तिथं पैसे घाला, चांगल्या मेस्त्रीकडून बसवून घ्या आणि नळीचं टोक स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) पक्कं आवळलंय का ते स्वतः हलवून बघा. ढिलं राहिलं तर स्प्रॉकेट ते ओढून नेतो.