व्हिडिओ ग्रुपवर टाकला म्हणजे ट्रेनिंग झालं, हे पटत नाही

एक मेसेज सगळीकडे फिरून राहिला: आता प्रत्येकाकडे स्मार्टफोन आहे, सेफ्टीचा व्हिडिओ ग्रुपवर टाका, टेस्ट घ्या, तरी कामगार शिकत नसेल तर त्याची शिकायची इच्छाच नाही. मी हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, चार सीझन सुपरवायझर होतो, म्हणून लिहितो.

स्मार्टफोनचं म्हणाल तर घरात एकच, तोही पोराकडे, आणि आत रुई उडते, आगीची भीती, म्हणून कामावर फोन गेटवरच जमा. मग व्हिडिओ पाहायचा रात्री, सैपाक आटोपल्यावर, स्वतःचा नेट जाळून. त्या वेळेचा रोज कोण देते?

'इच्छाच नाही' हे तर फार लागलं. आमच्या एका बाईनं व्हिडिओ थांबवून मला विचारलं, "भाऊ, याच्यात बटन हाताशी हाय, आपलं तं तिकडं पॅनलपाशी हाय, मंग गुंडाळलेला कापूस कोन काढते?" बरोबर होतं तिचं. शिवाय स्विच बंद केला तरी रोलर थोडा वेळ फिरतच राहते, अन् हात जातो तो नेमका तेव्हाच, हे त्या व्हिडिओत कुठंच नव्हतं. त्यातला माणूस हेल्मेट, निळा ड्रेस घातलेला, आमच्या बाया साडीवर शर्ट अन् तोंडाला दुपट्टा बांधून, त्या दुपट्ट्याचं टोक बेल्टात गेलं तर काय होईल ते कोणी दाखवलंच नाही.

टेस्टमध्ये सगळे पास झाले, कारण मुकादमाच्या पोरानं सगळ्यांच्या भरल्या. त्या कागदावर माझीही सही आहे, आजही टोचते.

बायांना वाचता येत नाही असं कोणी म्हणेल, पण तीच बटनाचं विचारणारी बाई माहेरी रोज व्हॉइस मेसेज पाठवते, म्हणजे ऐकून-बोलून तिला जमते. म्हणून पुढच्या सीझनला आमच्या फिटरनं आमच्याच मशीनवर, वऱ्हाडीत, दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला: स्विच बंद, कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, रोलर पूर्ण थांबेस्तोवर हात मागं. पाळी सुरू व्हायच्या आधी, पगारी वेळेत दाखवला, मग एकेकाकडून तसंच करून घेतलं, आठवड्यानं परत, महिन्यानं परत, कारण एकदा पाहिलेलं माणूस भराभर विसरते, एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं ते १८८५ लाच मांडलं होतं. मध्य प्रदेशातून आलेल्या मजुरांसाठी तोच हिंदीत केला.

आणि ही काही मालकाची मेहरबानी नाही. १९८७ च्या दुरुस्तीनं तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टमध्ये (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या लेबर कोडनं घेतली) कलम १११-ए आलं, त्यात सुरक्षेची माहिती अन् ट्रेनिंग हा कामगाराचा हक्क लिहिला. या सीझनचा व्हिडिओ बनवायला द्यायचा असेल तर बनवणाऱ्याला आधी दोन पाळ्या रोलरपाशी उभं करा, बायांना काय विचारायचं ते विचारू द्या.