दादाला पहिली आवृत्ती हवी

परदेशात राहणाऱ्या माणसाचा नातेवाइकांच्या लेखी एकच उपयोग असतो, येताना काहीतरी आणणे. माझी मावशी बिचारी अत्तराच्या एका बाटलीवर खूश होते. पण तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, पडला दादर कॅटरिंग कॉलेजचा. बेशामेल, वेलूते, एस्पान्योल हे सॉस त्याने तिथे रामरक्षेच्या चालीवर पाठ केलेले. सध्या ठाण्यात लग्नाच्या ऑर्डरी घेतो, मसालेभात आणि जिलबी वाढतो, पण मनाने अजून फ्रान्समध्येच असतो. त्याचा फोन आला.

"एस्कॉफियेचं 'ल गीद क्युलिनेर' बघून ठेव. १९०३ ची पहिली आवृत्ती. पॅरिसातच तर राहतेस, जरा खाली उतरून बघ ना!"

आमच्या इमारतीखाली एक बेकरी आहे आणि एक किल्ल्या बनवणारा.

एस्कॉफिये म्हणजे सॅव्हॉय आणि रिट्झ या हॉटेलांची स्वयंपाकघरं उभी करणारा माणूस. नेली मेल्बा या गायिकेच्या नावाने पीच मेल्बा केली तीही त्यानेच. त्याच्या या ग्रंथात पाच हजारांच्या आसपास पाककृती आहेत, आणि बऱ्याचशा दोन-तीन ओळींत उरकलेल्या, कारण वाचणाऱ्याला बाकीचं येतंच असं गृहीत धरलंय. जिथे माप दिलंय तिथे ते असं: एस्पान्योल, पाच लिटर सॉससाठी बारा लिटर हाडांचा स्टॉक. आमच्या फ्लॅटमध्ये बारा लिटर पाणी मावेल असं एकच भांडं आहे, ते म्हणजे बादली.

आधी नेटवर शोधलं. तिथे ज्याला त्याला आपल्याकडे पहिलीच आवृत्ती आहे असं वाटतं. कारण साधं आहे. १९०७, १९१२ आणि १९२१ मध्ये सुधारून काढलेल्या आवृत्त्या आहेत, आणि त्यांच्यातही पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना छापलेली असते. आजोबांच्या माळ्यावरून पुस्तक काढणारा नातू तेवढंच पान बघतो, फोटो काढतो आणि किंमतीपुढे एक शून्य वाढवतो. मुरलेले विक्रेते तसं करत नाहीत. ते एकेक दोष मोजून सांगतात: कोपरे दबलेले, कण्याला चीर, पानांवर तपकिरी ठिपके, आतल्या पानावर आधीच्या मालकाची सही. स्थळाच्या पत्रिकेत जे जे दडवतात ते इथे पहिल्या ओळीत. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर जी किंमत येते, ती बघून मी लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला.

मग सेन नदीचा काठ. तिथल्या कठड्यावरच्या हिरव्या पेट्यांत जुनी पुस्तकं मिळतात हे खरं, पण आयफेल टॉवरची चुंबकं बाजूला सारून ती शोधावी लागतात. घासाघीस करायला मात्र जीव होईना. २०२४ च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी या पेट्या हलवायचं सरकारने ठरवलं, तर या मंडळींनी असा काही गिल्ला केला की शेवटी राष्ट्राध्यक्षांना माघार घ्यावी लागली. त्यांच्यापुढे माझं "जरा कमी करा ना" कुठे टिकणार? एकाने एस्कॉफियेचं नाव ऐकल्यावर माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "स्वयंपाकासाठी हवंय की संग्रहासाठी?" मी म्हटलं, भावासाठी. हा तिसरा प्रकार त्याच्या अनुभवात नव्हता.

त्यानेच जॉर्ज ब्रासँस बागेतला बाजार सांगितला. पंधराव्या प्रभागात, दर शनिवार-रविवारी. पूर्वी इथे कत्तलखाना होता. फाटकावर काशाचे दोन बैल अजून उभे आहेत, आणि जिथे घोड्यांचा बाजार भरायचा त्या छपराखाली आता पुस्तकं मांडतात. पाककलेच्या पुस्तकांना याहून योग्य जागा मिळणं कठीण.

या धंद्याचं गणित मला तिथे कळलं आणि अजून पटलेलं नाही. पान जितकं कोरं, तितकी किंमत जास्त. म्हणजे शंभर वर्षांत ज्या प्रतीतून कोणी साधं अंडंसुद्धा उकडलं नाही ती सगळ्यात महाग, आणि जिच्यावर आयुष्यभर स्वयंपाक झाला ती टेबलाखालच्या खोक्यात. एस्कॉफियेने तर प्रस्तावनेत सांगून ठेवलंय की मला ग्रंथ नको होता, हाताशी राहील असं अवजार हवं होतं. त्याचं ऐकणाऱ्यांच्या प्रती खोक्यात गेल्या.

त्या खोक्यातच मला १९१२ ची एक मिळाली. कणा गायब, त्याजागी कापडी पट्टी. मी व्हिडिओ कॉल लावला.

"हे काय? रद्दी आहे ही!" दादा म्हणाला. "बाराची आवृत्ती सांगितली होती का मी तुला? तीनची सांगितली होती. आणि हे डाग कसले?"

"लोण्याचे असणार."

"पान उलट. सॉसचं काढ."

हॉलंदेजच्या पानावर लोणी असं मुरलं होतं की मागचा मजकूर पुढे दिसत होता. विक्रेता हाताची घडी घालून बघत होता. समासात पेन्सिलीने बारीक हिशेब होता: जेवायला चाळीस पानं, त्याला अंडी किती, लोणी किती, आणि खाली एक बेरीज खोडून पुन्हा केलेली.

"थांब, थांब, जवळ धर," दादा ओरडला. "चाळीस पानं? अगं, हा तर केटरिंगवाला! आणि बघ, आयत्या वेळी पाच-सहा पानं वाढलीत त्याची. म्हणून बेरीज खोडलीय. मुलीकडच्यांनी ऐन वेळी सांगितलं असणार!"

पॅरिसमधल्या त्या अनोळखी माणसाच्या यजमानांना त्याने पुढची पाच मिनिटं मनसोक्त शिव्या दिल्या. मग विचारलं, "केवढ्याला देतोय? निम्म्याला माग."

मी निम्म्याला मागितलं. विक्रेत्याने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि खोक्यात ठेवलं. लावलेल्या किंमतीला ते पुन्हा बाहेर आलं.

पुस्तक ठाण्याला पोचलं. दादाने ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काचेच्या कपाटात ठेवलंय आणि वहिनीला सक्त ताकीद दिलीय की तेलकट हात लावायचा नाही. कालच त्याचा मेसेज आला: "आता लारूस बघ. 'लारूस गास्त्रोनोमीक', १९३८ चं. जरा जड असतं म्हणे. पण इकडे येताना तुझी बॅग रिकामीच असते ना?"