धुरा दोघायचा

आमच्याकडे शेत घेताना लोक मातीची खोली बघतात, विहिरीचं पाणी बघतात. शहाणा माणूस आधी विचारतो, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, शेजारी कोण? आम्हाला ती सोय नव्हती. शेत वडिलोपार्जित, आणि नानाही वडिलोपार्जितच.

नाना माणूस लाखमोलाचा. लग्नात वाढायला पुढे, मयतीला सगळ्यांच्या आधी. फक्त दर उन्हाळ्यात नांगरटीला त्यांच्या ट्रॅक्टरचा फाळ धुऱ्याचा लचका तोडतो.

"नाना, धुरा बारीक झाला की ओ."

"टायर घसरलं बगा मालक. ड्रायव्हर नवा हाय."

ड्रायव्हर दरवर्षी नवा असतो. टायर मात्र इतक्या वर्षांत एकदाही नानांच्या बाजूला घसरलं नाही. वडील सांगायचे, या धुऱ्यावरून बैलगाडी जायची. आता कोल्हासुद्धा पाय जुळवून जात असेल.

हिशेब मांडला तर हसू येतं. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. आमचा धुरा पाचशे फुटांचा. दीड फूट कोरला तरी पाऊण गुंठा भरत नाही. त्यात निघणार दहा-पंधरा किलो सोयाबीन. मोजणीची फी त्याहून जास्त. पण धुऱ्याच्या भांडणात हिशेब काढणारा गावात बावळट ठरतो.

खरी गंमत मृग लागल्यावर. धुऱ्यावर हराळी, कुंदा, काँग्रेस गवत कमरेला लागतं, आणि कोरताना ज्यांचा एकट्याचा होता ते नाना म्हणतात, "धुरा दोघायचा असतो मालक." म्हणजे गवत मी काढायचं. धुऱ्यावरच्या बाभळीचंही तसंच. सावली माझ्या सोयाबीनवर, शेंगा त्यांच्या शेळ्यांना.

शेवटी सरकारी मोजणी आणली. लगतधारक म्हणून नोटीस गेली, तर नाना कडक इस्त्रीचं धोतर नेसून, चहाची किटली घेऊन हजर. पूर्वी शंकूसाखळी ओढायचे तेव्हा ओढणाऱ्याच्या हातावर आक्षेप घेता यायचा. आता रोव्हर नावाच्या मोजणी यंत्राची काठी थेट उपग्रहाशी बोलते. उपग्रहावर काय आक्षेप घेणार? नानांनी घेतला.

"त्याला वरून बाभळ आडवी येत आसंल."

मोजणीवाला क्षणभर खरंच बाभळीकडे बघू लागला. मग काठी जरा बाजूला घेऊन त्यानं पुन्हा बिंदू धरला. हद्द नानांच्या सोयाबीनच्या दुसऱ्या ओळीत निघाली. हे मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते, तीही पटली नाही तर सुपर निमताना, असं त्यानं सांगितलं. नाना असे खुलले की जणू जेवणानंतर जिलेबी आहे हे आत्ताच कळलं.

खुणेचे दगड रोवले. 1966 च्या महसूल अधिनियमानं हद्दीच्या खुणा सांभाळायची जबाबदारी जमीनधारकावरच टाकली आहे. पुढच्या नांगरटीत दोन दगड गायब. टायर, दुसरं काय!

तेवढ्यात भाच्यानं सलोखा योजनेची बातमी आणली. एकाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे, असा ताबा किमान 12 वर्षं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 रुपये आणि नोंदणी फी 1000 रुपये. 2023 पासूनची योजना. मी कागद घेऊन नानांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला.

"तुमची जिमीन माझ्याकडं हाय, हे मान्य. पन माझी तुमच्याकडं कुठाय? बसत न्हाई."

अटीत ते बरोबर होते. सलोखा करायचा तर मीही 12 वर्षं अतिक्रमण केलेलं हवं.

नानांनी चष्मा काढला, कागद घडी घालून परत दिला. "मग आजपासून सुरू करा की. म्या कुठं न्हाई म्हनलो? फकस्त खालच्या अंगाला करा. तिकडं हराळी लई माजलीय."