गाळ उपसल्याने वाहिनी मोठी होत नाही

महोदय,

मुंबईत विभागवार पर्जन्यमापक आणि त्यांच्या नोंदी हव्यात, या माझ्या म्हणण्यावरील आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. पाणी कुठे तुंबते हे मुंबईत शाळकरी पोरालाही ठाऊक असताना महापालिकेने पर्जन्यमापकांवर खर्च करणे म्हणजे नालेसफाईतल्या हलगर्जीपणावर पांघरूण घालणे होय, आणि दहा-पंधरा वर्षांच्या स्थानिक नोंदींवरून हवामानबदलाविषयी बोलणे फोल आहे, असे आपले दोन आक्षेप आहेत.

पाणी कुठे तुंबते हे ठाऊक असते, पण ते किती वेळात किती येते हे मोजल्याशिवाय कळत नाही आणि बांधकाम त्यावरच ठरते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यातले निम्मे पाणी मुरेल, असे धरून बांधलेल्या आहेत. मुरायला जमीनच उरली नाही, म्हणून १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने (मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा) ५० मिलिमीटर, तेही सगळे वाहून येणार, असे माप सुचवले. जुन्या वाहिनीतला गाळ कितीही इमानेइतबारे उपसला, तरी तिचे माप जुनेच राहते.

२६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. या दोहोंची सरासरी शहरातल्या कुठल्याच वस्तीच्या उपयोगाची नाही. दादर-परळकडच्या हिंदमाता परिसराचे उदाहरण घ्या. हा भाग खोलगट आहे, आणि भरतीच्या वेळी पाणी समुद्रात सोडता येत नाही. त्यामुळे जवळच्या उद्यानाखाली आणि मैदानाखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. अशी टाकी केवढी असावी हे वर्षाच्या एकूण पावसावरून सांगता येत नाही. भरतीच्या तासांत त्या परिसरात पाऊस किती जोराने कोसळतो, हेच पाहावे लागते.

अल्पकाळाच्या नोंदींविषयीचा आपला मुद्दा रास्त आहे. अतिवृष्टी किती वर्षांनी फिरून येते, हे ठरवायला कुलाबा वेधशाळेच्या दीर्घ नोंदीच लागतात. स्थानिक मापक तोच पाऊस विभागाविभागांत कसा वाटला जातो, तेवढे दाखवतात. नियोजनाला दोन्ही हवेत.

राहिली नालेसफाई. तिचा जाब विचारायलाही हेच आकडे कामी येतात, म्हणून दर पंधरा मिनिटांची विभागवार नोंद, मागच्या वर्षांसकट, सर्वांना खुली असावी असा माझा आग्रह आहे. तासाभरात अवघा दहा मिलिमीटर पाऊस होऊन रस्ता गुडघाभर पाण्यात गेला, हे कागदावर आले, की ठेकेदाराला ‘ढगफुटी झाली’ म्हणून हात वर करता येणार नाहीत.