टेन्शनला टक्के किती?

"टेन्शन कुणाला नाही? मग सगळ्यांनाच द्या की पेन्शन!" पुण्यातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य अधूनमधून फिरून येतं. २०२४ मध्ये पुण्यात नेमणुकीवर असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रांवरून वाद पेटला, लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली, आणि तेव्हापासून 'मानसिक आजार' असं लिहिलेल्या कुठल्याही दाखल्याकडे लोक तिरक्या नजरेने बघतात. चिंताविकाराला, म्हणजे 'अँक्झायटी'ला, दिव्यांगत्व मानून मदत द्यायची का? न्यू जर्सीतही वाद हाच आहे, फक्त रकमा डॉलरमधल्या.

या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट चुकीची धरलेली असते: डॉक्टरने 'अँक्झायटी' लिहून दिलं की झालं काम. असं ना इथे होतं, ना तिथे.

अमेरिकेत दिव्यांगांना मासिक मदत देणाऱ्या सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याच्या आजारांच्या यादीत चिंताविकार १२.०६ क्रमांकाखाली येतो. सततच्या चिंतेसाठी अस्वस्थता, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांपैकी तीन लक्षणांची नोंद लागते. पण खरी चाळणी पुढे आहे. समजून लक्षात ठेवणं, माणसांशी वागणं, काम नेटाने पुढे नेणं, बदलाशी जुळवून घेणं या चारांपैकी एकात टोकाची किंवा दोनांत गंभीर मर्यादा दाखवावी लागते. (दीर्घ उपचारांवर तग धरून असलेल्यांसाठी एक वेगळी वाटही आहे.) त्रास किमान १२ महिने टिकलेला किंवा टिकेल असा हवा. महिन्याची कमाई ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल (२०२५ मध्ये ती १,६२० डॉलर होती), तर अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो.

माणसं अडकतात ती रोजच्या दिनक्रमाच्या फॉर्मवर. 'स्वयंपाक करता का?' याला 'हो' लिहून मोकळे होतात. खरं उत्तर असतं: आठवड्यातून दोनदा, फक्त खिचडी, आणि गॅस बंद केला का हे चारदा उठून बघत. डॉक्टरच्या नोंदीत 'प्रकृती ठीक' एवढंच असेल, तर तेच फाईलवर उलटतं. अर्ज नाकारला की ६० दिवसांत अपील करायचं असतं; बरेच जण वैतागून नवा अर्ज भरतात आणि जुन्या तारखेपासूनची थकबाकी घालवून बसतात.

आता पुणे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारांची यादी नाही, व्याख्या आहे. 'जीवनाच्या सामान्य गरजा भागवण्याची क्षमता' गंभीरपणे बिघडलेली असणं हा तिचा एक निकष, आणि चिंताविकाराला दार उघडतं ते तिथेच. युडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज, मग ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी. मोजमाप 'आयडियाज' या मानसिक आजारातलं दिव्यांगत्व मोजणाऱ्या पट्टीवर: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, वर आजार किती वर्षांचा त्याचे १ ते ४. बेरीज ७ झाली की ४० टक्के दिव्यांगत्वाच्या गटात प्रवेश.

ही बेरीज जवळून बघा. स्वतःची काळजी ०, संबंध २, संवाद १, काम २: झाले पाच. आजार दीड वर्षाचा असेल तर त्याचा १, एकूण ६, म्हणजे ४० च्या खाली आणि पांढरं कार्ड. त्याच माणसाचा, तेवढाच त्रास तीन वर्षांचा असेल तर २, एकूण ७, पिवळं कार्ड. म्हणून पहिला केसपेपर जपून ठेवायचा. आपल्याकडे नेमका तोच हरवतो: सुरुवातीची वर्षं खाजगी डॉक्टरकडे, चिठ्ठीवर गोळ्यांची नावं आणि सही, निदान नाही, तारीख पुसट. तपासणीच्या वैद्यकीय बोर्डासमोर जाताना घरचे इस्त्रीचा शर्ट घालायला लावतात, प्रश्नांची उत्तरंही तेच देतात. 'स्वतःची काळजी'ला शून्य पडतं यात नवल काय?

माझ्या मते ही पट्टी अमेरिकी पद्धतीपेक्षा उघड आणि समजायला सोपी आहे. तिकडे सगळं किंवा काहीच नाही. इथे टक्के तरी आहेत. अमेरिकेकडून घ्यावासा वाटतो तो दिनक्रमाचा फॉर्म. खोटा दाखला तोच पकडेल आणि खऱ्याला तोच आधार देईल, कारण पानोपानी तपशील रचणं कुणालाही जड जातं.

पण दाखल्याने मिळतं काय? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना २०२५ पासून महिना २,५०० रुपये, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असेल तर. सरकारी नोकरीत मानसिक आजाराला स्वतंत्र टक्का नाही. दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व वगैरेंबरोबर वाटून घ्यायचा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर २०१६ च्याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे काढता येत नाही, पगार राखून दुसरं काम द्यावं लागतं, पण फक्त सरकारी आस्थापनेत. हिंजवडीतल्या इंजिनिअरचं पॅनिक अटॅकमुळे काम सुटलं, तर त्याच्या पिवळ्या कार्डावर उरते ती आयकरातली ७५ हजारांची वजावट. तीही जुन्या करप्रणालीत, आणि करपात्र उत्पन्न असेल तरच.